पुण्यापर्यंत जो मासा पोचत नाही, तो मालवणात खा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही कोथरूडहून पाच जण मालवणला निघालात: तुम्ही दोघं, अकरा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. याआधी दोन वेळा जाऊन आलात, दोन्ही वेळा सुरमई थाळी घेतली आणि दोन्ही वेळा वाटलं की हे तर पुण्यात मिळतं तसंच आहे. म्हणून विचारताय की तिथला अस्सल पदार्थ कोणता आणि तो कुठल्या हॉटेलात मिळेल. शिवाय मुलाला काट्यांची धास्ती, मिस्टरांना माशाचा वास सोसत नाही, मुलीच्या अंगावर एकदा कोळंबी खाऊन गांधी उठल्या होत्या, आणि सासूबाई शाकाहारी. येताना थोडी मासळी पुण्याला आणायचाही विचार आहे.

मी मूळची मालवणजवळच्या देवबागची. माझी आई वर्षानुवर्षं घराच्या पडवीत येणाऱ्याजाणाऱ्याला जेवायला वाढायची. लग्न होऊन मी पुण्यात आले आणि गेली एकवीस वर्षं धायरीत मालवणी खाणावळ चालवते आहे. आठवड्यातून तीनदा पहाटे गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जाते, आणि हंगामात मालवणहून रात्रीच्या बसने माझी मासळीची पेटी येते. दोन्हीकडचा मासा सतत हाताखालून जातो. त्यामुळे तुमचा प्रश्न मला वेगळाच दिसतो. पावणेचारशे-चारशे किलोमीटर जाऊन असं काय खावं, जे पुण्यात बसून मिळणारच नाही? हॉटेलचं नाव मी देत नाही, कारण आचारी बदलतात, आणि आचारी तोच असला तरी आज आलेला मासा उद्या नसतो. पण काय मागायचं आणि कसं मागायचं हे कळलं, तर साध्या खाणावळीतही तुम्ही उत्तम जेवाल.

माझं उत्तर एवढंच आहे की जो मासा प्रवासात टिकत नाही, तो तिथे खायचा.

सुरमई हा प्रवासाचा मासा. अंगाने मोठी, मांस घट्ट, काटा मोजका, बर्फात नीट दाबून ठेवली तर काही दिवस सहज तग धरते. तुकड्या एकसारख्या पडतात, म्हणून हॉटेलवाल्यालाही सोयीची. पुण्याच्या बाजारात मालवणची, रत्नागिरीची, वेरावळची, मंगळूरकडची सुरमई शेजारीशेजारी पडलेली असते आणि तळल्यावर त्यातली कुठली कुठली हे मलाही सांगता येणार नाही. मालवणात आम्ही तिला इसवण म्हणतो आणि आवडीने खातो. पण ती खायला एवढ्या लांब जायची गरज नाही.

बांगडा याच्या अगदी उलट. तेलकट मासा, पोट पातळ, आतडी लवकर सुटतात. जाळ्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत त्याला जी गोडी असते, ती बर्फातसुद्धा हळूहळू उतरते. तारली, जिला आमच्याकडे पेडवे म्हणतात, ती तर त्याहून नाजूक. मुडदुशे हातात धरले तरी मऊ पडतात. पुण्यात हे मासे मिळतात, मीही विकते, आणि जमेल तितके ताजे आणते. तरीही माझ्या धायरीच्या चुलीवरचा बांगडा आणि देवबागच्या घरातला बांगडा यांत जे अंतर आहे, ते मला कुठल्याच मसाल्याने भरून काढता आलेलं नाही. आई मला लहानपणी बाजारात पाठवताना सांगायची, “नाव घेवन मासो मागू नको. दर्यान काय दिल्यान ता इचार.” म्हणजे माशाचं नाव घेऊन मागू नकोस, समुद्राने आज काय दिलंय ते विचार. तुम्ही दोन्ही वेळा नाव घेऊन मागितलंत.

आता तुमची थाळी पुण्यासारखी का लागली, याची आणखी दोन कारणं सांगते, कारण ती कळली की ऑर्डर देताना चूक होणार नाही. एक म्हणजे रवा. तळलेल्या तुकडीवर रव्याचा जाड थर असला की तोंडात आधी रवा आणि तिखट येतं, मासा मागाहून. ताज्या माशाला नुसतं मीठ, हळद, तिखट आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावून, तांदळाच्या पिठात हलकंसं घोळवून तव्यावर कमी तेलात भाजला तरी पुरतो. दुसरं कारण रश्शाचं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मालवणी म्हटलं की पुण्यात सगळ्यांना भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं, गरम मसाल्याचं दाट वाटप आठवतं. ते वाटप सागोतीचं, म्हणजे कोंबडी-मटणाचं. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्यालाही तसंच लागतं. ताज्या माशाच्या कढीत आमच्या घरी गरम मसाला पडत नाही. ओलं खोबरं, सुकी मिरची, थोडे धणे, हळद हे सगळं गंधासारखं वाटायचं, आंबटाला सोलं, म्हणजे तुमची आमसुलं, आणि बांगडा-तारलीसारखा मासा असेल तर तिरफळं. वाटप घातल्यावर एक कढ येतोय न येतोय तोच मासा सोडायचा आणि मासा शिजला की उतरवायचं. रंग केशरी, चव हलकी, माशाची गोडी सगळ्यात वर. गर्दीच्या दिवसांत पुष्कळ ठिकाणी एकच मोठं पातेलं भाजलेल्या वाटपाचं केलेलं असतं आणि तेच कोंबडीवर, तेच सुरमईवर, तेच कोळंबीवर ओततात. मग सगळं एकाच चवीचं लागतं, मालवणातही आणि पुण्यातही.

तुम्ही एकच पदार्थ सांगा म्हणालात, तर मी बांगड्याचं तिखलं सांगेन. थाळीच्या फळ्यावर हे नाव क्वचितच दिसतं, कारण हे घरात खायचं जेवण मानलं जातं. आमच्या घरच्या पद्धतीत यात खोबरं नाही. सुक्या मिरच्या भिजवून हळदीबरोबर आणि थोड्या धण्यांबरोबर वाटायच्या. बांगड्याचे दोन किंवा तीन तुकडे करायचे, मीठ लावायचं, वाटलेली मिरची, सोलं, ठेचलेली तिरफळं आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढंच पाणी. हे सगळं एकत्रच चुलीवर चढवायचं. डाव घालायचा नाही, तुकडे मोडतात. भांडंच फडक्याने दोन्ही बाजूंनी धरून गोल हलवायचं. पाणी आटून रस अंगाबरोबर आला की वरून कच्चं खोबरेल तेल सोडायचं आणि झाकण ठेवायचं. बस. कांद्याची फोडणी नाही, कोथिंबीर नाही.

यात लपायला जागा नाही, म्हणून मला हा पदार्थ प्रिय आहे. खोबऱ्याच्या दाट रश्शात जरा उतरलेला मासाही निभावून जातो. तिखल्यात तो पहिल्या घासाला उघडा पडतो. आणि खोबरं नसल्यामुळे, आंबट-तिखट-मीठ भरपूर असल्यामुळे हे दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकायचं. आमच्या वाडीत फ्रीज नव्हते तेव्हा रात्रीचं तिखलं सकाळी गरम करून उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर खाल्लं जायचं, आणि मुरल्यामुळे ते रात्रीपेक्षा सकाळी जास्त चांगलं लागायचं. कुणी तुम्हाला न्याहारीला असं मुरलेलं तिखलं आणि पेज देऊ केलं, तर आधीच्या रात्रीचं म्हणून नाकारू नका.

तिरफळाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मिस्टरांचा वासाचा प्रश्न इथेच सुटेल असं मला वाटतं. हे एका काटेरी झाडाचं फळ. सुकलं की उकलतं, आतलं काळं बी टाकून द्यायचं, साल तेवढी ठेचून घालायची. वास लिंबाच्या सालीसारखा पण जास्त उग्र, आणि चावलं तर जीभ थोडी बधिर होते. म्हणून ते खायचं नसतं, पानात आलं की कडेला काढून ठेवायचं. तेलकट माशांनाच ते घालतात, पापलेटला किंवा सुरमईला नाही, कारण त्या माशांचा स्वतःचा वास सौम्य असतो आणि तिरफळ तो झाकून टाकतं. सोलांच्या आंबटानेही माशाचा वास बसतो. आणि मुळात ताज्या माशाला वास येतो तो खाऱ्या पाण्याचा. मिस्टरांना जो वास सोसत नाही तो बहुधा जुन्या माशाचा आहे. माझ्या खाणावळीत असे कितीतरी जण येतात, ज्यांना माशाचा वास आवडत नाही असं वाटत असतं, आणि सकाळी आलेल्या पेटीतला मासा वाढला की ते मुकाट्याने दुसरी वाटी मागतात. तरी त्यांना आग्रह करू नका. पहिल्या दिवशी त्यांना तव्यावरचा एक मुडदुशा आणि सोलकढी द्या. तिखलं दुसऱ्या दिवशी.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. डिसेंबरअखेर हंगाम चालू असतो, होड्या आणि ट्रॉलर समुद्रात जातात, बांगडाही मिळतो. पण वारा सुटला की लहान होड्या वाळूवर ओढून ठेवतात आणि दोन-दोन दिवस बाजारात स्थानिक मासळी दिसत नाही. नेमका तो आठवडा नाताळच्या सुट्टीचा, गर्दी दुप्पट. खाणावळवाले मग बाहेरून मासा मागवतात. त्यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, पाहुण्यांना पापलेट आणि सुरमईच हवी असते, ती कुठूनतरी आणावीच लागते. तुम्ही मागणी बदललीत तर त्यांचंही काम सोपं होतं. दुसरी गोष्ट वारांची. मार्गशीर्षातले गुरुवार अजून चालू असतील तर त्या दिवशी कित्येक घरांत मासा शिजणार नाही, काही घरांत सोमवारीही नाही. पंचांग बघून तो दिवस किल्ल्याला आणि सासूबाईंच्या आवडीच्या जेवणाला ठेवा.

तुमच्याऐवजी कुणी पावसाळ्यात जाणार असेल, तर माझं उत्तर वेगळं असेल. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण तो कित्येक जातींचा विणीचा काळ. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. त्यामुळे जुलैत कोकणात पानात पडणारी मोठी सुरमई एकतर बर्फातली, नाहीतर तिकडून आलेली असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत आम्ही घरी सुका बांगडा भाजून त्याची कोशिंबीर करतो, सुकट करतो, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, आणि कुर्ल्या, म्हणजे खेकडे, करतो. पावसाळ्यात जाणाऱ्याने हेच मागावं.

मागायचं कसं? जिथे राहणार आहात ती घरगुती जागा असेल तर सगळ्यात उत्तम. आदल्या दिवशी दुपारी फोन करा आणि घरातल्या बाईंशी बोला, बुकिंग घेणाऱ्या मुलाशी नव्हे. सांगा की आम्हाला थाळी नको, उद्या जे गावेल ते, तुम्ही घरात करता तसं करा. बांगडा आला तर तिखलं करा. ‘गावणे’ म्हणजे मिळणे, आणि “आज काय गावला?” हा प्रश्न मालवणात ज्या घरात विचाराल तिथे समोरच्याचा चेहरा खुलतो. पण असं खास करायला लावलंत तर थाळीपेक्षा कमी पैसे देण्याची अपेक्षा ठेवू नका. बांगडा स्वस्त असला तरी तो निवडायला, धुवायला, मसाला पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये वाटायला त्या बाईची सकाळ जाते. मोठ्या माशाचा किंवा शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, विचार असेल तर भाव आधीच विचारून घ्या, कारण तो रोज बदलतो.

हॉटेलात जेवायची वेळ आली तर बसण्याआधी मासा बघायला मागा. चांगला हॉटेलवाला ताटलीत कच्चा मासा घेऊन दाखवतो, त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. बांगडा डोक्याकडे धरून आडवा केला तर ताजा असताना काठीसारखा ताठ राहतो, शेपटी लोंबत नाही. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, पाठ हिरवी-निळी चमकदार, पोटाला बोट लावलं तर खळगा राहत नाही. पोट फुटलेलं असेल तर तो नकोच. सुरमईच्या कापलेल्या तुकडीवरून मात्र मला स्वतःलाही खात्री देता येत नाही, म्हणून ती अख्खी बघितल्याशिवाय मी विकत घेत नाही. तिसऱ्यांचे शिंपले शिजण्याआधी मिटलेले हवेत, आणि शिजल्यावर जे उघडले नाहीत ते खायचे नाहीत. कुर्ली जिवंतच हवी.

हा ताजेपणाचा आग्रह फक्त चवीसाठी नाही. खाणावळ सुरू करून चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. बांगड्याची एक पेटी उशिरा आली, बर्फ जवळजवळ वितळलेला. मासा दिसायला ठीक होता, वासही फारसा नव्हता. गिऱ्हाईक दाटलेलं होतं. मी तो घेतला आणि कढी केली. दुपारी जेवून गेलेल्या दोघांचे चेहरे अर्ध्या तासात लाल झाले, डोकं ठणकायला लागलं, ओठ चुरचुरायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला कळलं की बांगडा, कुपा (म्हणजे ट्यूना) अशा माशांमध्ये उष्णतेने हिस्टामिन तयार होतं, आणि एकदा तयार झालं की कितीही शिजवा, तळा, ते जात नाही. दोघंही संध्याकाळपर्यंत बरे झाले. पण चूक माझी होती, आणि त्या दिवसापासून ज्या पेटीत बर्फ शिल्लक नसेल ती मी उघडल्यावर परत करते, नुकसान झालं तरी. म्हणून तुम्हाला सांगते: बांगडा जिभेला मिरीसारखा चुरचुरला, आणि ती चुरचुर मिरचीची किंवा तिरफळाची वाटली नाही, तर तिथेच थांबा.

मुलीबद्दल मला जास्त काळजी वाटते. कोळंबीने गांधी उठल्या असतील तर ती कवचाच्या प्राण्यांची खरी अॅलर्जी असू शकते, आणि तशी असेल तर कुर्ली आणि शेवंडही तिला चालणार नाहीत, कारण ते त्याच कुळातले. तिसऱ्या आणि कालवं वेगळ्या कुळातली असली तरी काहींना तीही बाधतात. तिखल्याच्या नादात हा धोका घेऊ नका. निघण्याआधी पुण्यात डॉक्टरांना दाखवा, औषध जवळ ठेवा, आणि चव बघू म्हणून परगावी प्रयोग करू नका. हाडाचा मासा तिला आजवर पुण्यात चालत असेल तर तो तिथेही चालेल, पण एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगा: ज्या तेलात आणि ज्या तव्यावर कोळंबी तळली, त्यावर तिचा मासा तळायचा नाही. हॉटेलात हे पाळलं जाईलच असं नाही. घरगुती ठिकाणी बाईंना आधी सांगितलंत तर नीट पाळलं जातं. कढीतही कधीकधी चवीला सुकी कोळंबी टाकलेली असते, तेही विचारा.

मुलाच्या काट्यांचं मला सोपं वाटतं, कारण अकरा वर्षांचा मुलगा शिकू शकतो. बांगड्यात बारीक काटे कमी. तळलेला बांगडा पानात आडवा ठेवायचा, पाठ आणि पोट यांच्या मधोमध जी रेघ दिसते तिच्यावर बोटाने हलकेच दाबायचं, वरची बाजू दोन लांब फाकांत सुटते. मग मधला काटा शेपटीकडून धरून वर उचलायचा, डोक्यापर्यंत अख्खा निघून येतो. खालची बाजू तयार. पोटाकडचे काटे थोडे लांब असतात, ती बाजू सुरुवातीला तुम्ही काढून द्या. लेपा हा चपटा मासा तर मुलांसाठीच केल्यासारखा, काटा मधोमध आणि कडांना, बाकी नुसतं मऊ मांस. मुडदुशे आमच्या घरी आजारातून उठलेल्याला देतात इतके हलके. माकुलात, म्हणजे स्क्विडमध्ये, काटा नाहीच, पण रबरासारखं लागलं तर ते जास्त शिजलंय असं समजा. कर्ली मात्र या वेळी नको. चव अप्रतिम, पण केसांसारखे दुहेरी काटे, ते खायला आम्हीसुद्धा लहानपणापासून शिकलो. आणि घशात काटा अडकलाच, तर भाताचे गोळे गिळायला लावू नका, काटा आणखी रुततो. खोकून, पाणी पिऊन सुटला नाही तर सरळ डॉक्टर.

मोरीबद्दल तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. मोरी म्हणजे लहान शार्क, तिला काटेच नाहीत, कूर्चा असते. तिचं भाजलेल्या वाटपाचं सुकं किंवा रस्सा मटणासारखा करतात, मुलं आवडीने खातात. जुनी, अस्सल मालवणी गोष्ट आहे ती, माझ्या आईच्या हातची मोरी मला अजून आठवते. पण शार्कला पिल्लं थोडी होतात, वाढायला वर्षं लागतात, आणि मी लहानपणी बंदरात बघितलेल्या मोऱ्या आता तेवढ्या दिसत नाहीत. मी माझ्या खाणावळीत ती बंद केली. तुम्ही खा किंवा खाऊ नका, तो तुमचा निर्णय, पण खाल तर एवढं बघा की अमोनियासारखा झोंबणारा वास येत असेल तर ती शिळी आहे. याच विचाराने सांगते, तळहाताएवढं पापलेट पानात आलं तर पुढच्या वेळी ते मागू नका. रुपेरी पापलेटला २०२३ मध्ये आपण राज्य मासा म्हटलं, आणि वाढ न झालेली पापलेटं पकडली जाऊ नयेत म्हणून त्याची कमीत कमी लांबीही ठरली. तरी लहान पापलेटं येत राहतात, कारण ताटात एक अख्खा मासा दिसावा असं पाहुण्यांना वाटतं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर असं: पोचण्याच्या आदल्या दिवशी फोन करून घरच्या बाईंशी बोलायचं, नाव न घेता जे गावेल ते मागायचं, बांगडा असेल तर तिखलं, नसेल तर जो मासा आहे त्याची हलकी कढी, मुलाला लेपा किंवा मुडदुशे तव्यावर, मुलीसाठी वेगळा तवा.

जमलं तर एका सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर रापण ओढताना बघा. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून पन्नास-साठ माणसं मिळून ओढतात. आमच्या गाबीत, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, लोकांची ही जुनी पद्धत, मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. आता रापणी पूर्वीइतक्या लागत नाहीत, म्हणून रोज दिसेल असं नाही, आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा. दोर ओलांडू नका, मुलाला ओढायला हात लावायचा असेल तर विचारून लावू द्या, सहसा नाही म्हणत नाहीत. जाळं वर येताना त्यात जे चमकतं, त्यात बांगडा, पेडवे, लेपे, माकुल सगळं मिसळलेलं असतं. मुलाने हे बघितलं तर जेवताना पानातला मासा त्याला ओळखीचा वाटेल.

सासूबाईंची आबाळ होणार नाही, उलट त्यांचं जेवण कदाचित तुमच्यापेक्षा चांगलं होईल. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे किंवा घावणे, हे आमच्याकडचं लग्नकार्यातलंही जेवण. सकाळी आंबोळी आणि चटणी. गोडाला रस-शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया आणि नारळाच्या दुधात गूळ घातलेला रस. हे मात्र आयत्या वेळी होत नाही, शिरवाळे साच्यातून काढायला दोघी लागतात, आदल्या दिवशीच सांगा. सोलकढी त्यांना चालेल, पण रंग बघून घ्या: घरची सोलकढी फिकट गुलाबी असते, थोडा वेळ ठेवली की दूध वर आणि पाणी खाली असे थर दिसतात, ढवळलं की पुन्हा एक होते. भडक गुलाबी आणि एकसारखी दिसली तर त्यात तयार सिरप असणार. त्यांच्यासाठी वेगळं तेल आणि वेगळा डाव असं बाईंना सांगायला संकोच करू नका, आमच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी शाकाहारी असतंच आणि त्याची सवय असते.

राहिलं मासळी पुण्याला आणण्याचं. बांगडा आणू नका, एवढ्या तासांच्या प्रवासात त्याचं काय होतं ते वर सांगितलंच. आणायचीच असेल तर आता सुरमई आणा, हा तिचाच मान. निघायच्या सकाळी बंदरावर अख्खी घ्या, पोट साफ करून घ्या पण तुकड्या करू नका. थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मग प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला मासा, वर बर्फ, आणि बर्फ माशापेक्षा कमी असू नये. वितळलेलं पाणी काढून टाकायला पेटीच्या तळाला लहान भोक पाडा आणि खाली ताट ठेवा, नाहीतर गाडीला आठवडाभर वास राहील. घाटाच्या आधी, कणकवलीत किंवा पुढे कोल्हापुरात, एकदा बर्फ बघून भर घाला.

त्याहून मोलाचं सांगायचं तर सोलं, एक बाटली आगळ आणि पावशेरही नको, मूठभर तिरफळं आणा. बाजारात सुक्या मासळीजवळ बसलेल्या बायकांकडे मिळतात. सोलं घेताना एक चुरगळून बघा, मऊ आणि गडद हवीत, कडकडीत नकोत. तिरफळांतल्या काळ्या बिया तिथेच बसून निवडा, आणि घरी घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, चहा-साखरेपासून लांब ठेवा, नाहीतर आठवड्यात चहाला तिरफळाचा वास यायला लागतो. मग जानेवारीत कधी गणेश पेठेत सकाळी साडेसहाच्या आत पोचलात आणि ताठ बांगडा दिसला, तर चारच घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे तिखलं करून बघा. पहिल्यांदा सोलं पाच-सहा आणि तिरफळं सात-आठच घाला, अंदाज आला की वाढवा.